वरच्या मजल्यावरची चाहूल

ग्रंथालयात येऊन ग्रंथपालालाच गप्प बसवणारी मुलगी त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

पुस्तकांची ढकलगाडी घेऊन तो कपाटांमधून चालला होता. गाडीचं एक चाक किरकिरत होतं. तेवढ्यात ती धापा टाकत जिना चढून आली... पांढरा कोट, केसांत खोचलेली पेन्सिल. आल्या आल्या तिनं गाडीच धरली.

“थांबा! एक पाऊलही टाकू नका.”

“का? साप आहे?”

“खाली माझी सुई आहे.”

“सुई?... हरवलीय का?”

हसायचं नाही असं ठरवून आली होती, तरी ती हसली.

ती पदार्थविज्ञानाची संशोधक. तिची प्रयोगशाळा बरोबर त्याच्या पायांखाली. त्याचा गोंधळलेला चेहरा पाहून तिनं गाडीतल्या एका पुस्तकावरून बोट फिरवलं... न टेकवता.

“अंधारात आपण भिंत चाचपतो ना, तसं माझं यंत्र करतं. त्याचं बोट म्हणजे तारेची सुई. टोक इतकं बारीक, की शेवटी एकच अणू उरावा. ती पृष्ठभागाच्या अगदी जवळून जाते, पण टेकत नाही. मधल्या फटीतून इवलीशी वीज झिरपते. उंचवटा आला की वाढते, खळगा आला की कमी होते. त्यावरून एकेक ओळ करत चित्र उमटतं. अणूंचं!”

“आणि टेकली तर?”

“टोक बिघडतं. पुन्हा कात्री घ्या, पुन्हा तार तिरकी कापा.”

“म्हणजे माझी गाडी—”

“तिच्यासाठी भूकंप!”

तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. पुस्तकापासून केसभर वर, जराही न थरथरणारं. डोळ्यांना दिसतही नाही अशा गोष्टीला कुणी इतकं जपतं, याचं त्याला फार अप्रूप वाटलं.

मग ती रोज जिन्यातून हाक द्यायची, “लावतेय हं!” आणि तो गाडी सोडून, चपला काढून, पुस्तकं हातांवर वाहायचा.

एकदा त्याची ताई डबा घेऊन आली. “अरे, पुस्तकं कडेवर घेऊन फिरतोस? तान्ही बाळं आहेत का ती?”

“हळू बोल ताई. आणि हळू चाल.”

“का रे? खाली परी राहते वाटतं?”

“संशोधक आहेत त्या.”

“तेच विचारलं मी,” ताई म्हणाली.

एके दिवशी मात्र ती हाक न देताच वर आली. “सरांनी सांगितलंय... शुक्रवारपर्यंत एक स्वच्छ चित्र हवं. नाहीतर यंत्र दुसऱ्या गटाला. मग माझं काम अर्धवटच राहणार.”

“शुक्रवारी दुपारी ग्रंथालय बंद असतं. मी दाराशी बसतो. कुणाला पाय ठेवू देणार नाही. मीही हलणार नाही.”

शुक्रवारी तो दाराशी स्टूल टाकून बसला. खाली तिनं सुई लावली.

ऊन कपाटांवरून खाली उतरलं, तेव्हा ती धावत वर आली. हातात कागद. “मिळालं!”

त्यानं कागद उजेडात धरला. गोल गोल उंचवटे, मोत्यांचे सर शेजारी शेजारी मांडल्यासारखे.

“कमाल आहे... हे तुम्ही पाहिलंत!”

“हो. पण हे काय ते सांगा.” वरच्या भागात दोन ओळी थरथरलेल्या होत्या, त्यांच्यामध्ये थोडी जागा. “इथे कुणीतरी चाललं. आणि जरा वेळानं परत गेलं.”

त्याचे कान लाल झाले. “मीच.”

“तुम्ही तर हलणार नव्हतात!”

“नव्हतोच... पण उठलो. जिन्यापर्यंत गेलो. म्हटलं, खाली जाऊन सांगूनच टाकावं.”

“काय?”

“तिथं पोचेपर्यंत धीर संपला. आलो परत.”

“आणि आता?”

त्यानं कागदावरची नजर उचलली. “तुम्ही सुई लावता ना, तेव्हा मला वर श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटतो. आणि... लावत नाही, तेव्हाही.”

तिनं केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली.

“चित्र बिघडलं का हो?” त्यानं भीत भीत विचारलं.

“खालचा भाग स्वच्छ आहे. सरांना तेवढा पुरेल. तो कापून देईन त्यांना.” तिनं कागद हळूच काढून घेतला. “अख्खं चित्र मात्र माझं.”

ती दोन पायऱ्या उतरली. थांबली. वळली.

“यंत्र बंद केलंय मी. आता ये खाली... हवं तर पाय आपटत.”

तो इतक्या घाईनं निघाला, की स्टूल धाडकन पडलं. दोघांपैकी कुणीच ‘शू’ म्हटलं नाही.