पंप घेतला का?

गोंदियाच्या दमा प्रकल्पातून रुग्णांना रोज संध्याकाळी फोन जायचा, तो तिथे काम करणाऱ्या उर्वशीच्या आवाजात. बोलणं वर्षभरापूर्वीच भरून ठेवलेलं: "नमस्कार, मी उर्वशी. आजचा पंप घेतला का? घेतला असेल तर एक दाबा." गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे दाबणं पटत नसे. कोणी आपुलकीने विचारतं तर तोंडाने सांगावं, म्हणून ती बोलूनच उत्तर देत. ती उत्तरं संगणकावर जमा होत आणि सकाळी उर्वशी ती ऐकत बसे.

चिचगडच्या मनकर्णाबाई त्यांतल्याच. एकट्या राहायच्या. गेल्या वर्षी धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत धुळीने त्यांचा श्वास असा कोंडला की देवरीच्या दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. फोन सुरू झाल्यापासून मात्र त्यांचा पंप कधी चुकला नव्हता.

"घेतलो जी बाई," त्या म्हणायच्या. मग थांबून, "वांग्याची भाजी केलो." पुन्हा थांबून हसायच्या. उर्वशीलाही हसू यायचं. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की समोरच्याने एखादं वाक्य बोलावं, तेवढाच वेळ त्या थांबतात. एकटेपणाची सवय, असं तिने स्वतःला समजावलं. शरीरशास्त्र शिकलेली होती ती, भलतंसलतं मनात आणणारी नव्हती.

एका सकाळी तिने आदल्या दिवशीचं उत्तर लावलं.

"घेतलो जी." शांतता. "कायनं भाजलं?" शांतता. "मंग हळद लावा न."

आदल्याच दिवशी कुकरच्या वाफेने उर्वशीचं बोट भाजलं होतं. घरातही तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मनकर्णाबाईंचा पंप संपत आला होता. नवा पंप एरवी गावातल्या आशाताई पोचवायच्या. या वेळी उर्वशीच स्कूटीवर निघाली. दोघींची भेट कधी झालेली नव्हती. चिचगडला पोचली तेव्हा ऊन कलतं होतं. घराघरापुढे मशीनवर धान चुरणं चालू होतं आणि भुशाची पिवळी धूळ रस्त्यावर तरंगत होती.

मनकर्णाबाईंना तिला पाहून कोण आनंद झाला. फोनवरून त्यांना ती चांगली जाडजूड वाटली होती, असं म्हणत त्यांनी गुळाचा चहा केला. त्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजतच होती. जुना पंप रिकामा होता. उर्वशीने नवा त्यांच्या हातात दिला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

उर्वशीने तो स्पीकरवर लावला. तिचाच आवाज ठरलेलं वाक्य बोलला. मग बीप.

"आता घेतो जी. नवा आला," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि ऐकू लागल्या.

उर्वशीला फक्त बाहेरची मशीन ऐकू येत होती. मनकर्णाबाईंची नजर सावकाश तिच्याकडे वळली. त्यांनी हातातला पंप तिच्या पिशवीत परत ठेवला.

"काय झालं, मावशी?"

"घेऊ नोको म्हणते."

"कोण?"

"उर्वशीबाई."

मीच उर्वशी, ती म्हणाली. तरी त्या तशाच पाहत राहिल्या, तेव्हा तिने ते वाक्य म्हणून दाखवलं, फोनवर येतं तसंच. मनकर्णाबाईंनी मान तिरपी करून पूर्ण ऐकून घेतलं.

"आवाज जमला तुले," त्या म्हणाल्या. "आता जाय."

उर्वशी पिशवी घेऊन अंगणात आली. मागे कडी लागली. तेव्हा तिला दिसलं, मनकर्णाबाईंचा फोन आपल्याच हातात आहे. कॉल केव्हाच संपला होता.

तिने दार वाजवलं. पंप घ्या म्हणून विनवलं.

"होय जी बाई, गेली," आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला.

शांतता.

"लावलो न कडी."

शांतता.

"नाही घेत जी. तुमी म्हणता तं नाही घेत."

उर्वशीने दाराला कान लावला. आत शिट्टी वाढत चालली होती. आणि मनकर्णाबाई बोलत असतानाही ती थांबत नव्हती. बोलणं एका कोपऱ्यातून येत होतं, शिट्टी दुसऱ्या.