काळ्या कानाचं पिल्लू

"बाई, जरा ही बाटली धरता का?"

आवाज डुकरांच्या खोपटातून आला. मिल्का नेऱ्याच्या शाळेतली मास्तरीण, पनवेलची गाडी पकडायला निघालेली. पण आवाज बरा होता. तिनं बाटली धरली. आतला तरुण वळला. गालावर नको ते लागलेलं, आणि वर दोन हसरे डोळे.

"डाक्टर, पिल्लांची हगवण थांबत नाय," सोनाबाई रडकुंडीला आली होती. सरकारी योजनेतली पांढरी डुकरं तिनं हौसेनं घेतली होती.

"थांबेल. जंतू ओलीत वाढतात. पेंढा कोरडा ठेव, आईची आचळं धुऊन मगच पाज." त्यानं काळ्या कानाच्या पिल्लाला औषध पाजलं. "बाई, तुमचा हात अजिबात थरथरत नाही."

"चौथीचा वर्ग सांभाळते."

हात धुताना तो मोकळा झाला. "रविवारी पनवेलला मुलगी बघायला जायचंय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू; घरात डुकराचं नाव काढत नाहीत. मावशीनं त्यांना 'डॉक्टर' एवढंच सांगितलंय. कुणाचा, ते नाही."

"नाव काय तुमचं?"

"एफ्राइम."

रविवारी तिला बघायला येणाऱ्याचंही तेच होतं. आता बाटली थरथरली.

"लपवणार आहात?"

"मावशी म्हणते, लग्नानंतर सांग."

"लपवलेलं तिला नाही आवडणार… म्हणजे, कुठल्याच मुलीला."

रविवारी मिल्का सरबत घेऊन बाहेर आली आणि एफ्राइमचा चेहरा औषध पाजलेल्या पिल्लासारखा झाला. तिचे वडील जोसेफ विचारत होते, "डॉक्टर, माझं पोट सारखं बिघडतं. काय घ्यावं?"

मावशीनं त्याचा पाय दाबला. त्यानं मिल्काकडे पाहिलं.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, काका. सध्या… नेऱ्याच्या डुकरांचा."

घरात पंखा नव्हता, तरी तो बंद पडल्यासारखं वाटलं. जोसेफनी पेला खाली ठेवला.

"बाबा," मिल्का म्हणाली, "खाऊ नका असं सांगितलंय. मरू द्या असं कुठं सांगितलंय?"

जोसेफनी वर आढ्याकडे पाहिलं. तिथून काही हरकत आली नसावी.

"हात धुतलेत ना?"

"साबणानं, काका."

"मग पोहे घ्या. आणि पुढच्या रविवारी आईला घेऊन या."

निघताना दाराशी मिल्कानं हळूच विचारलं, "काळ्या कानाचं कसं आहे?"

"बरं आहे. दूध पितं… तुमची आठवण काढतं."

"तेच काढतं?"

एफ्राइमनं मावशी पुढे गेल्याची खात्री करून घेतली.

"त्याला कुठलं भान," तो म्हणाला. "मीच काढतो."