खरं की खोटं, कळवा

तो औषधाच्या दुकानात शिरला तेव्हा त्याच्या बाहीला ग्रीस लागलं होतं आणि हातात एक छापलेला कागद होता.

"लिंबाच्या सालीने गुडघे बरे होतात का हो? मित्राने मेल पाठवलीय. आईसाठी विचारतोय."

"हात चिकट होतील," औषधं काढता काढता ती म्हणाली. "गुडघे आहेत तसेच राहतील."

तो मोकळेपणाने हसला. समोरच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. "माझे मित्र रोज असलं काहीतरी पाठवतात. तुमचा पत्ता द्या, पुढे तुम्हालाच ढकलत जाईन. खरं की खोटं, तेवढं कळवा."

तिने पत्ता दिला आणि लगेच पस्तावली. गोळ्यांची तारीख दोनदा बघितल्याशिवाय ती पाकीट कुणाच्या हातात देत नसे. दुकान आत्याचं, आणि आत्या तिला 'शंकेखोर' म्हणायची. पण शंकेला कारण होतं. मागे एकाने तिला मेलवर प्रेमाची कविता पाठवली होती. दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. मग तिने मेल खाली सरकवून पाहिली... तीच कविता आधी तिच्या मैत्रिणीला गेली होती. नाव पुसायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून कुठलीही मेल आली की ती आधी शेपूट बघायची.

लिफ्टवाल्याच्या मेलना लांबच लांब शेपटं असत, कोणी कोणाला पाठवली त्याची. ती उत्तर द्यायची: खोटं. साफ खोटं. अर्धं खरं, पण तुम्ही करू नका. दुपारी तो काउंटरवर भांडायला हजर.

"कालचंही खोटं?"

"मित्र बदला."

"मित्र बदलले तर तुम्हाला काय पाठवू?"

तिने मान खाली घातली आणि नीट असलेल्या बाटल्या पुन्हा नीट लावल्या.

एकदा मेल आली, की खोकल्यासाठी सतत ज्येष्ठमध चघळलं तर रक्तदाब चढतो. सवयीने तिने 'खोटं' लिहिलं आणि थबकली. पुस्तक काढून पाहिलं. खरं होतं. तो सांगायचा, त्याची आई दिवसभर तेच चघळायची, आणि आईचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नव्हता. तिने पहिल्यांदाच त्याला फोन केला. ज्येष्ठमध सुटलं, रक्तदाब उतरला.

"एवढ्या कचऱ्यात एखादं तरी खरं..." काउंटरवर तिच्या हाताजवळ हात ठेवत तो म्हणाला.

मग लिफ्टच्या कामाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मेल आली. वर 'फॉरवर्ड' लिहिलेलं.

'औषधाच्या दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांनी संध्याकाळी तळ्याकाठी एक फेरी मारावी. एकटीने मारल्यास गुण येत नाही. खरं की खोटं, कळवा.'

तिने खाली सरकवलं. शेपूट नव्हतं! "आत्या, कापलंय बघ. आधी कुणाला पाठवली ते पुसलंय."

"अगं, शेपूट नसेलच मुळी."

"तू गप गं!"

संध्याकाळी तो हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन आला.

"ही कोणी पाठवली?" तिने विचारलं.

"मित्राने."

"नाव?"

"तो... जरा लाजाळू आहे."

"माझ्याआधी कुणाला गेली होती? खरं सांगा."

त्याचे कान लाल झाले. "कुणालाच नाही. मीच लिहिली. वर फॉरवर्ड टाकलं... तुम्ही खोटं म्हणाला असता, तर मित्रावर ढकलता आलं असतं."

"लबाड!"

"म्हणजे... खोटं?" त्याने पिशवी सावरली. "उद्यापासून मी इकडे नसेन. उत्तर मिळालं असतं तर बरं झालं असतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं, गोळ्यांच्या तारखेकडे बघायची तसं. त्याने नजर हलवली नाही.

तिने पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला.

"आत्या, शटर आज तू ओढ." आणि मग त्याला म्हणाली, "असं उभ्या उभ्या सांगता येत नाही. फेरी मारून बघावी लागेल."

"एका फेरीत कळेल?"

"छे! मी सगळं दोनदा तपासते."