वेबसाइटवरून उडालेला भूकंप

दुपारी रंजना डबा उघडणार, तोच आपत्ती कक्षातल्या संगणकावर ओळ उमटली: बदलापूरजवळ भूकंप. वेबसाइटवर भूकंप दिसला की सगळ्या स्वयंसेवकांना आपोआप मेसेज जायचा. त्यांनी कळवायचं, हाललं की नाही.

एकेक उत्तर आलं. काही हाललं नाही. थोड्या वेळाने वेबसाइटवरून ती ओळही उडाली. साहेब म्हणाले, यंत्रच ते, चुकायचंच. त्यांनी चहा मागवला.

मग नितीनच्या नंबरवरून मेसेज आला. ‘कात्रप, पिवळी बिल्डिंग. लोक काढतोय. गाडी पाठव.’

नितीन तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी उल्हासनगरला इमारत कोसळली, तेव्हा माणसं काढायला पुन्हा आत गेला तो गेलाच. त्याचा मोबाइल सापडला नाही, आणि स्वयंसेवकांच्या यादीतून त्याचा नंबर काढायला हिचा हात धजावला नाही. बाई तेव्हापासून दगड झाली होती. आताही तिला भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. तिने गुपचूप चंदू ड्रायव्हरला बदलापुरातल्या कात्रपला धाडलं.

चंदूचा फोन आला. आवाज दबका.

“वहिनी, बिल्डिंग धडधाकट आहे... पण सगळे रस्त्यावर. म्हणतात, तुमचाच माणूस आला होता. चुन्याने पांढराफटक. दारं ठोकून सगळ्यांना काढलं.”

साहेबांनी फोन हिसकावला. वेबसाइटने ओळ काढली, की त्यांच्या लेखी ते ब्रह्मवाक्य! भूकंप बिकंप काही नाही, लोकांना घरी पाठव, म्हणून त्यांनी चंदूला झापलं. तिकडे लोकही कंटाळलेच होते, कुणाचा भात गॅसवर होता.

रंजनाने फोन परत घेतला. “चंदू, एकालाही आत सोडू नको.” आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज कापला. “तो... तो कुठंय?”

“गेला. म्हणाला, अजून दोघं राहिलीत...”

“कुठे राहिलीत?”

“तेच कळत नाही, वहिनी. इथे तर सगळे निघालेत.”

कक्षाच्या दारावर थाप पडली. मग दुसरी.

साहेबांनी रंजनाकडे पाहिलं. खोलीत ती दोघंच होती. दाराखालून पांढरी भुकटी आत सरकत होती.

“साहेब, उठा,” ती म्हणाली.

दार उघडलं तर बाहेर कुणी नव्हतं. आता दोघं रस्त्यापलीकडे उभी आहेत. ऑफिस शाबूत आहे, वेबसाइट गप्प आहे. साहेबांचा चहा आत निवतोय, पण आणायला जायची त्यांची हिंमत नाही. आतून मात्र दारं ठोकल्याचा आवाज अजून येतोय.