रॅन्समची शेवटची दावण

या, जरा जवळ सरका. माझा आवाज आता फार लांब जात नाही, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्यातली नाही.

गोष्ट म्हटलं खरं, पण यातलं मी काही रचलेलं नाही. आमच्या चर्चमध्ये मी डीकन आहे, पास्टरांच्या हाताखालचा सेवक. चाळीस वर्षं लोकांपुढे उभा राहून प्रार्थना म्हणतोय. त्या चाळीस वर्षांत चर्चच्या छपराखाली एकदाच खोटं बोललो. तेही सांगणार आहे.

जागा म्हणजे टेनेसीच्या पश्चिमेकडचं आमचं टॅलो तळं. दिवस नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार. नऊ वर्षं झाली.

मध्यरात्र वगैरे नव्हती. संध्याकाळचे पाच वाजायचे होते...

आधी रॅन्समबद्दल सांगतो. रॅन्सम माझ्या बहिणीचा, डेल्फियाचा, नवरा. एकतीस वर्षं आम्ही दोघांनी एका होडीतून कॅटफिश धरले. तेही दावणीवर. दावण म्हणजे लांब जाड दोरी. तिची दोन्ही टोकं पाण्यातल्या सायप्रसच्या झाडांना बांधायची. मधे थोड्या थोड्या अंतरावर बारीक दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीला एक गळ. आमच्या दावणीला पन्नास गळ होते. पाणी गार पडलं की मोठे मासे खायला सुटतात, म्हणून आमचा खरा हंगाम पानगळीनंतरचा.

हे काम दोघांचं. पुढे बसतो तो दावण हातात धरून होडी ओढत नेतो, एका गळावरून दुसऱ्या गळावर. मागे बसतो तो मासा काढतो, आमिष लावतो. रॅन्सम पुढे, मी मागे. एकतीस वर्षांत आम्ही जागा बदलल्या नाहीत.

तो ओढताना गुणगुणायचा. प्रवचन रंगात आलं की पास्टरचं बोलणं सुरात शिरतं, मग शब्द मागे पडतात आणि नुसता सूर उरतो. तो सूर. मी मागून "हं" म्हणायचो, चर्चमध्ये म्हणतो तसं. माझं "हं" लांबलं की तो म्हणायचा, "डीकनसाहेब, देव थांबेल. मासा थांबायचा नाही. जाळी पुढे करा."

आमच्या तळ्यावर एक रीत आहे. दावण टाकणारा कुणी गेला, की त्याला मातीत ठेवण्याआधी त्याची दावण पाण्यातून काढायची. काढायची त्याच्या होडीतल्या जोडीदारानेच. तिच्यावर जे मासे मिळतील ते मयताच्या जेवणात तळायचे. माणूस शेवटचं जेवण आपल्या हातांनी वाढून जातो, असं आमच्याकडे मानतात.

रॅन्सम ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी गेला. हृदय दमलं होतं. अकरा रात्री मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून काढल्या, कारण डेल्फियाचे गुडघे तिला बसू देत नव्हते. शेवटच्या दिवशी त्याने फक्त दावणीचं विचारलं. मी म्हटलं, काढतो.

दफनाच्या आदल्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. पाऊस आडवा मारत होता. मी धक्क्यापर्यंत गेलो. ट्रक उभा केला. इंजिन बंद केलं...

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपी गेलो.

जाग आली तेव्हा अंधार पडला होता. फार थकलो होतो हो. एखादी झोप काढून जाईल असला थकवा नव्हता तो. हाडांत उतरला होता.

मी तसाच गावातल्या दुकानात गेलो. शेततळ्यात वाढवलेले, साफ केलेले मासे घेतले. चर्चच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आणि तिथल्या बायांना सांगितलं, हे रॅन्समच्या दावणीचे.

दुसऱ्या दिवशी पास्टर हॉस्किन्सनी ते प्रवचनातच घेतलं. "आपला भाऊ गेला," ते म्हणाले, आणि तिथेच सूर लागला. गेला, पण पान वाढून गेला. गेला, पण कुणाला उपाशी ठेवून गेला नाही. प्रत्येक ओळीला सगळं चर्च उत्तर देत होतं. लोक उभे राहिले. कुणी रडत होतं, कुणी टाळ्यांचा ठेका धरला होता.

एरवी प्रवचन असं चढलं की माझे पाय जागेवर राहत नाहीत. त्या दिवशी मी पहिल्या बाकावर दगडासारखा बसून होतो.

डेल्फियाने जेवताना एक तुकडा खाल्ला. माझ्याकडे पाहिलं. बशी बाजूला सारली.

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. रोज संध्याकाळी पाच वाजता, म्हणाली, घरामागच्या नळावर कुणीतरी हात धुतं. मी म्हटलं, रॅकून असेल. ते रानजनावर पुढचे पंजे पाण्यात माणसाच्या हातांसारखे चोळतं.

"रॅकून साबण वापरत नाही, टॅड," ती म्हणाली.

शुक्रवारी मी तिच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात दोघं कॉफी घेऊन बसलो. मागचं दार लोटलेलं होतं. बाहेर वारा नव्हता. शेजारचा कुत्रा तेवढा भुंकत होता.

पाचला दोनेक मिनिटं असतील. कुत्रा गप्प झाला.

मग नळ कुरकुरला...

पाणी पडायला लागलं. त्या पाण्याखाली कुणीतरी हातावर हात चोळत होतं. सावकाश. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. आमिषाचा वास जावा म्हणून आम्ही सगळेच चोळतो तसं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं.

मी उठलो नाही. डेल्फियाही नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसत नव्हती. ती फक्त कान देऊन होती.

नळ बंद झाला, तेव्हा मी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. नळाचं तोंड कोरडं होतं. खालची माती ओली होती, आणि साबणाची वडी पायरीवर ठेवलेली होती. तिला फेस होता.

मी आत आलो. डेल्फिया कपाकडे बघत म्हणाली, "दावण काढली नाहीस ना?"

मी दाराची कडी लावली.

"तळ्यातल्या माशाला चिखलाची चव असते, टॅड. पस्तीस वर्षं खाल्लाय मी. त्या दिवशीच्या माशाला कसलीच चव नव्हती."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं. एका दिवशी दोघांना मातीत ठेवायची ताकद नव्हती माझ्यात."

मग तिने मला सगळं विचारून घेतलं. ट्रक, पाऊस, झोप, दुकान. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की त्याचं काम अर्धं राहिलंय. तो रोज घरापर्यंत येतो, हात धुतो आणि परत त्या गार पाण्यात जातो. त्याला सुटायला हवं. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.

शनिवारी गेलो. एकट्यानेच. जोडीला घ्यायचं तर कुणाला घेणार, आणि काय सांगून घेणार?

धक्क्यावर पोचायला चार वाजून गेले. थंडी अशी की श्वासाची वाफ तोंडापुढेच लटकत होती. तळ्यावर या दिवसांत पाणकोंबड्यांचे थवे असतात, त्यांच्या कलकलाटाने कान किटतात. त्या दिवशी एकही नव्हती. पाणी काचेसारखं.

होडी पाण्यात लोटली. मागे बसलो, मोटर सुरू केली. आमची होडी पत्र्याची, हलकी. एकटा माणूस मागे बसला की तिचं नाक वर उचलतं. नेहमीच.

त्या दिवशी उचललं नाही.

होडी सपाट चालली होती...

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. एकतीस वर्षं ती तशीच चालत आली होती ना. अर्ध्या तळ्यात आल्यावर लक्षात आलं. आणि त्या क्षणी मी मान खाली घातली.

ती पुढे वर केली नाही.

सायप्रसपाशी मोटर बंद केली. दावण पाण्याखाली हातभर असते. आकडीने चाचपून वर घ्यावी लागते. मी आकडी उचलायला वाकलो, तोच होडीच्या पुढच्या कडेवर ओली दोरी घासल्याचा आवाज आला...

खर्र.

आणि होडी हलली.

पहिल्या गळापाशी थांबली. बरोबर माझ्या गुडघ्यासमोर.

महिनाभर पाण्यात राहिलेला गळ. त्यावर एक तर काही नसायला हवं, नाहीतर मेलेलं, कुजलेलं काहीतरी. त्यावर ताजं आमिष होतं. कापलेल्या माशाचा तुकडा, अजून रक्त गळणारा. आणि तो गळावर दोनदा ओवलेला होता. असं दोनदा ओवणारा तळ्यावर एकच माणूस होता.

माझी बोटं काम करायला लागली. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. आमिष काढलं, गळ आत घेतला. होडी पुढे सरकली. थांबली. दुसरा गळ. सरकली. तिसरा.

मला त्याच्या सुटकेसाठी प्रार्थना म्हणायची होती. शब्द सापडेनात. चाळीस वर्षांचे शब्द, एकही सापडेना.

बारावा गळ असेल की तेरावा...

गुणगुणणं सुरू झालं.

खालच्या पट्टीत. बंद ओठांनी. माझ्यापासून दहा फुटांवर.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हं."

सवयीने निघालं. पण ते निघालं आणि भीतीची धार बोथट झाली. तिकडून सूर, इकडून हं. गळ, हं. गळ, हं. रडू येत होतं, हात बधिर झाले होते, आणि काम चाललं होतं. इतका थकलेला मी त्याआधी कधी नव्हतो, नंतरही नाही. तिथेच आडवं व्हावं आणि त्याने ओढत न्यावं, असं वाटत होतं.

शेवटच्या तीन गळांवर तीन कॅटफिश होते. जिवंत, जाड, पाठीवर निळसर. मी ते जाळीने आत घेतले.

पन्नासावा गळ रिकामा झाला. गुणगुणणं थांबलं. कुणीतरी लांब श्वास सोडला. ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा...

होडीचं नाक वर उचललं. इतकं एकदम, की मी मागच्या मागे पडता पडता राहिलो.

तेव्हा वर पाहिलं.

पुढची फळी रिकामी होती. तिच्यावर सगळी दोरी गुंडाळून ठेवलेली होती. नीट, वेटोळ्यावर वेटोळं.

मासे घेऊन मी थेट डेल्फियाकडे गेलो. तिने ते हातातून घेतले. मासे साफ केले, मक्याच्या पिठात घोळवले, तळले. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ चावत होती. चिखलाची चव होती.

मग मी सगळं सांगितलं. सपाट चाललेली होडी, ताजं आमिष, सूर. ती ऐकत गेली. चेहरा असा उजळत गेला की मला वाटलं, चला, माझं ते खोटं आज फिटलं.

"थंडी वाजत होती का त्याला?" तिने विचारलं.

मी बशीतला मासा चिवडत राहिलो.

"अंगात काय होतं? तो तपकिरी कोट होता का? वाळलेला दिसत होता?"

"माहीत नाही, डेल्फ."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी मान वर केली नाही. भीती वाटली. शेवटपर्यंत खालीच बघत होतो."

तिने काटा बशीत ठेवला.

"दहा फुटांवर होता," ती म्हणाली, "आणि तू बघितलं नाहीस."

तिने उरलेला मासा झाकून ठेवला, दिवा मालवला आणि आत गेली.

त्यानंतर तो नळ पुन्हा कधी वाजला नाही. हिवाळाभर ती पाच वाजता स्वयंपाकघरात बसून राहायची. मी त्याला सोडवलं, की तिचं शेवटचं जे काही उरलं होतं तेही काढून आणलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, ब्रदर, काही गोष्टी वर गेल्यावरच विचारायच्या.

डेल्फिया आता गावातल्या वृद्धाश्रमात असते. रविवारी चर्च सुटलं की मी जातो. त्या दिवशीचं प्रवचन जमेल तेवढं सुरात म्हणून दाखवतो. ती उशीवर डोकं टेकून ऐकते. मधेच हळूच विचारते, "आता तरी काही आठवतंय का, टॅड? बाही तरी दिसली असेल?"

मी नाही म्हणतो, आणि पुढची ओळ धरतो.

तुम्ही आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा माझं नाव घेऊ नका. माझी ती लायकी नाही. रॅन्समचं काम झालंय. तिचं नाव घ्या. डेल्फिया. एवढं लक्षात ठेवा.