अव्वाचा रिसीव्हर

हर्षिता, कानातली ती बोंडं काढ आधी. आणि विराटा, सिनेमाच्या आवाजाचा खोका आणलायस तो राहू दे दारापाशी. आणायला नको होतास असं नाही म्हणत मी. पण आज उघडू नको. आज ऐक.

ही कुणाकडून तरी आलेली गोष्ट नव्हे. माझ्या धाकट्या बहिणीचा दामोदर, आपला बनशंकरीचा दामू, त्याच्या हातांनी जे झालं ते सांगते. तो अंधार पडल्यावर कुणाच्या घरी कामाला जात नाही, यावरून तुम्ही सगळे त्याला हसता. मीही हसायची. मग एकदा त्यानं मला सगळं सांगितलं.

दामूचं काम म्हणजे मोठ्या लोकांच्या घरात सिनेमाच्या खोल्या बसवायच्या. एका सकाळी डब्यात उप्पिट आणि पिशवीत टेप घेऊन तो देवनहळ्ळीला निघाला. एका खोलीचं माप घ्यायचं, चहा प्यायचा, परत यायचं. एवढंच.

घर व्यंकोजीचं. आपल्यातलाच. बापाचं शेत होतं, त्याचा बराचसा तुकडा लेआउटात, म्हणजे प्लॉट पाडून विकण्यात, गेला आणि उरलेल्यात यानं बंगला बांधला. खोली केवढी, तर बत्तीस फूट लांब, वीस रुंद. मागे रेलणाऱ्या बारा खुर्च्या. दामू म्हणाला, "अण्णा, खोली झकास आहे. आधी काय होतं इथं?"

"अव्वाची खोली होती."

"मग अव्वा?"

"मागे. तिकडे हवा छान आहे."

हवा! मागच्या अंगणापलीकडे पंपाची खोली होती ना, खताच्या गोण्या ठेवायची, तिला चुना मारून तिथं आईची खाट टाकली. चंद्राबाई तिचं नाव. पाय गेलेले, छातीत दमा. तिचं खोकणं आलेल्या माणसांना ऐकू जायचं, म्हणून ही छान हवा.

पण लेकानं एक सोय केली होती हो. घरातल्या घरात बोलायचा फोन. एक तिच्या खाटेशी, एक स्वयंपाकघरात, एक तिच्या जुन्या खोलीत. "अव्वा, काही लागलं तर हा रिसीव्हर उचल. घंटी वाजेल, आम्ही येऊ." म्हातारीनं शब्द पाठ केला. रिसीव्हर. पण तो फोन खरखरायचा. "तुझा रिसीव्हर चांगला नाही रे," ती म्हणायची, "माझं बोलणं तुम्हाला पोचतच नाही."

आता सिनेमाच्या खोलीतही एक रिसीव्हर असतो. विराटा, तुला ठाऊक आहे, हिला सांगते. काळा डबा असतो. सिनेमा त्याच्यात शिरतो आणि तो कुठल्या स्पीकरानं किती बोलायचं ते ठरवतो. लहान खोलीला लहान डबा पुरतो. मोठ्या खोलीला, अकरा स्पीकरांना लहान डबा लावला तर तो तापतो, धापा टाकतो, मध्येच गप्प होतो. म्हणून तो निवडून घ्यावा लागतो. व्यंकोजी तीन महिने निवडत होता. मोबाइलला रेंज म्हणून अंगणात येऊन, दामूशी फोनवर तासतासभर...

"हा कमी पडेल, दामू. खोली मोठी आहे. कोपऱ्यातलंसुद्धा ऐकू आलं पाहिजे. कुणी नुसता श्वास घेतला तरी कळला पाहिजे. खर्चाचं बघू नको, रिसीव्हर चांगलाच हवा."

आणि आईची खिडकी अंगणात.

ऐकलंत? ती तिथं पडल्या पडल्या रोज हे ऐकायची. दूधवालीला सांगायची, कपडे धुणारीला सांगायची, "माझा लेक तीन महिने झाले माझ्यासाठी रिसीव्हर शोधतोय. माझा श्वाससुद्धा ऐकू आला पाहिजे म्हणतो. एवढा खर्च कशाला करायचा म्हातारीवर?" आणि पदरानं डोळे पुसायची.

व्यंकोजीच्या कानावर गेलं ते. त्याची बायको अनुषा हसून म्हणाली, "त्यांना वाटतंय त्यांच्यासाठीच आणताय." तोही हसला. सांगितलं मात्र कुणीच नाही.

दामू खोका घेऊन आला, त्या दिवशी खिडकीतून हाक आली, "दामू, आला का रे माझा रिसीव्हर?"

दामूनं व्यंकोजीकडे पाहिलं. व्यंकोजी मोबाइलात पाहत होता.

"आला, अव्वा," दामू म्हणाला. "स्वल्प काम उरलंय. मग जोडतो."

"सरी, सरी, बरं. सावकाश कर. मला घाई नाही."

दामू मला सांगत होता तेव्हा इथं थांबला. "मावशी, मी 'आला' म्हणालो गं."

त्याच दिवशी व्यंकोजी त्याला म्हणाला, "ती इंटरकॉमची वायर काढून टाक इथली. ऐन सिनेमात घंटी वाजली तर लोकांचा मूड जातो. स्वयंपाकघरात एक आहे की." दामूनं काढली, फोनसकट. भिंतींना जाड गाद्या लावल्या. दार असं बसवलं की आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. काम चोख. आपला दामू काम चोखच करतो.

पहिला सिनेमा शनिवारी, नोव्हेंबरची नऊ तारीख. मित्रमंडळी आली. अनुषाही आत जाऊन बसली. स्वयंपाकघरात कुणी नाही.

सकाळी चंद्राबाई गेलेली होती. उशाशी तांब्या आडवा, कोरडा. आणि हातात रिसीव्हर, कानाला लावलेला. लेआउटाचा वॉचमन नंतर म्हणाला, "साहेब, रात्री बराच वेळ घंटी वाजत होती. मला वाटलं घरात कुणी नाही."

बोटं सुटेनात. शेजारची एक म्हातारी म्हणाली, मोडू नका रे, तसंच राहू दे. दामूला फोन गेला. त्यानं येऊन पकडीनं वायर कापली. तोंड फिरवून कापली, काप तिरका गेला. त्यांच्या घराण्यात पुरतात. शेताच्या कोपऱ्यात नवऱ्याशेजारी तिला ठेवलं, हातात रिसीव्हर तसाच. वर लाल माती.

तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी व्यंकोजीचा फोन, "दामू, मागचा डावा स्पीकर नीट नाही. काहीतरी चुकतंय."

आता हे नीट ऐका, पुढचं सगळं यावर आहे. रिसीव्हरासोबत एक लहानसा माईक येतो. मधल्या खुर्चीत कानाच्या उंचीवर तो उभा करायचा. सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. मग मशीन एकेका स्पीकरातून आवाज सोडतं, माईकातून स्वतःच ऐकतं, आणि सांगतं कुठला स्पीकर किती लांब आहे. मागचा डावा चौदा फुटांवर होता. दामूनं स्वतः टेप लावून बसवला होता.

मशीन म्हणालं, बेचाळीस फूट.

बत्तीस फूट लांब खोलीत बेचाळीस! दामूनं वायर बदलली. स्पीकर बदलला. परत तेच. बेचाळीस.

"डब्यातच खोट आहे," व्यंकोजी म्हणाला. "दुसरा आण. याहून मोठा आण."

दुसरा आला. पुन्हा माईक, पुन्हा सगळे बाहेर. एकोणतीस.

मला अक्षर येत नाही, पण ऐकलेला आकडा मी विसरत नाही. आधी बेचाळीस. मग एकोणतीस.

दामू मागच्या दारानं टेप घेऊन अंगणात गेला. मधली खुर्ची कुठं, भिंत कुठं, सगळा हिशेब धरून त्या स्पीकराच्या रेषेत मोजत गेला. भिंत ओलांडून. एकोणतीस फुटांवर नुसतं अंगण. तेही ओलांडून. बेचाळीस फुटांवर टेप टेकली ती म्हातारीच्या खाटेच्या पायाला.

त्यानं व्यंकोजीला तिथं नेऊन दाखवलं. व्यंकोजी टेपेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू रिसीव्हर बसवायला आलायस की भुतं मोजायला?"

"अण्णा, एकदा..."

"तिसरा आण. सगळ्यात मोठा."

तिसरा रिसीव्हर एवढा की दोघांनी उचलावा. मोजलं.

चौदा फूट.

व्यंकोजी टाळ्या पिटत हसला. "बघितलंस? खोट डब्यातच होती. हा बरोबर बोलतो." दामूलाही हायसं वाटलं. चौदा म्हणजे चौदा. स्पीकर तिथंच आहे. त्यानं बिल केलं, चहा प्यायला, घरी आला. बायकोलाही सांगितलं, संपलं एकदाचं.

डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. अमावस्या नव्हती, ग्रहण नव्हतं, काही नव्हतं. संध्याकाळी फोन आला. व्यंकोजीचा आवाज बारीक झालेला.

"दामू, ये. आज ये. सिनेमा लावला की डाव्या बाजूनं... मागं कुणीतरी बसल्यासारखं वाटतं."

"उद्या येतो, अण्णा."

"आज ये. अनुषा हेब्बाळला गेलीय, माहेरी. मी एकटा आहे."

दामू पोचला तेव्हा पावणेनऊ झाले होते. घरातले सगळे दिवे लागलेले. अंगणातलाही. मागच्या खोलीत मात्र अंधार. व्यंकोजी बसला होता त्या मधल्या खुर्चीशीच माईक उभा केला. सगळं जोडलं. म्हणाला, "चला अण्णा, बाहेर."

व्यंकोजी मधल्या खुर्चीतून उठेना.

"माणूस आत असला तर माप चुकतं, अण्णा."

"चुकू दे. मी बसतो. तू जा."

दामू बाहेर आला. ते जाड दार लावलं. आतलं काही ऐकू येईना. त्यानंच तसं बसवलं होतं. स्वयंपाकघराशी येऊन उभा राहिला. मोबाइलवर आकडे येतात, ते बघत.

नऊ वाजून चाळीस मिनिटं.

पुढचा उजवा, अकरा. पुढचा डावा, अकरा. मधला, दहा. मागचा उजवा, चौदा.

मागचा डावा...

बराच वेळ काही आलं नाही.

मग आलं. तीन फूट.

तीन फुटांवर स्पीकर नाही. काहीच नाही. तीन फुटांवर शेजारची खुर्ची.

दामू दाराकडे जायला निघाला...

आणि घंटी वाजली.

त्याच्या डोक्यावर. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन. मागच्या खोलीतून आला की एक लाल दिवा लागतो त्याच्यावर. तो लागलेला.

मागच्या खोलीत कुणी नाही. तिथल्या फोनला रिसीव्हर नाही. तो मातीत गेलेला.

घंटी वाजतेय.

दामूनं हात पुढे केला. उचलवेना. हात मागे घेतला. "मावशी, तेव्हाही मीच वायर काढली होती गं," तो मला म्हणाला, "आणि आता उचलायचं तर माझा हातच जाईना."

घंटी वाजतेय. वाजतेय.

थांबली.

दमून थांबते तशी नाही. कुणीतरी पलीकडे फोन उचलल्यावर मध्येच तुटते, तशी.

स्वयंपाकघरातला तर भिंतीवरच होता. आणि सिनेमाच्या खोलीत फोनच नव्हता.

दामू उभा. घड्याळाचा आवाज. लांब विमान गेल्याचा आवाज. मग तोही नाही.

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही.

दार उघडलं. व्यंकोजी बाहेर आला. डावा कान हातानं धरलेला. दामूकडे पाहिलं, पण तो दिसला नसावा.

"पाणी," व्यंकोजी म्हणाला.

दामूनं फिल्टरातून पेला भरला, पुढे केला.

व्यंकोजीनं घेतला नाही. "मला नाही," म्हणाला. "तांब्यात घे. मागे न्यायचंय."

दामूनं तांब्या भरला. दोघं अंगणातून गेले. व्यंकोजी पुढे, मोबाइलची बॅटरी लावून. टेप लावली त्या दिवसानंतर उघडली नव्हती ती खोली, कडी गंजायला लागलेली. ढकलल्यावर दार करकरलं.

खाट रिकामी. चादर काढलेली. व्यंकोजीनं उशाच्या जागी तांब्या ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसला. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत राहिला. दामूला एवढंच कळलं, "हं अव्वा. बोल. ऐकतोय." परत परत तेच. बोलायला आता कोण होतं?

दामूनं आपल्या मोबाइलची बॅटरी भिंतीवर धरली. तिथं फोनचा खोका होता. महिन्यापूर्वी त्याचे हुक रिकामे होते, दामूनं स्वतः पाहिले होते.

त्यावर रिसीव्हर ठेवलेला होता. नीट, बोलणं झाल्यावर ठेवतात तसा. वायर खाली लोंबत होती. तिचा काप तिरका होता. आणि जिथं तोंड लावून बोलतात, त्या बारीक भोकांमध्ये ओली लाल माती भरली होती.