चिमणीचा ‘आ’

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, वीज गेली नव्हती, कुत्रीही रडत नव्हती. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मसाला कमी पडला.

रविवारची दुपार होती. चहाची वेळ.

घर माझ्या आतेबहिणीचं. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताई बँकेत कॅशियर आहे, हिशेबाची पक्की आणि बोलण्याचीही. एका शब्दाचंही तिखटमीठ लावायची नाही. तिने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. आता हसत नाही. तुम्हाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

तिचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, जाहिरातींना संगीत द्यायचे. साबण, टायर, सिमेंट, येईल ते. पण जीव होता जुन्या मशीनमध्ये. मागची अख्खी खोली त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीननी भरून टाकली होती. बसायला एक खुर्ची आणि पाय ठेवायला जेमतेम जागा. हे सगळं कॉम्प्युटरवर मिळतं ना, असं ताई म्हणायची. मिळतं, पण हाताला लागत नाही, असं ते म्हणायचे. मग एकेक बटण फिरवून काय होतं ते बघत बसायचे. इकडे जेवण गार, तिकडे ताईचं डोकं गरम.

त्यात एक सॅम्पलर होता.

सॅम्पलर म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. त्याला कुठलाही आवाज ऐकवायचा. भांड्याचा, दाराचा, माणसाचा. तो आवाज तो धरून ठेवतो. मग पेटीला असते तशी त्याची पट्टी दाबली की तोच आवाज वाजतो. वरची पट्टी दाबली तर चढ्या सुरात, खालची दाबली तर खालच्या. आणि पट्टी दाबून धरली तर आवाज संपतच नाही. शेवटचा तुकडा तो गोल गोल फिरवत राहतो.

मात्र हा फार जुना होता. वीज चालू असेपर्यंतच त्याच्या लक्षात राहायचं. बंद केला की सगळं पुसलं. आवाज साठवून ठेवायची त्याची फ्लॉपी केव्हाच बिघडली होती.

त्यांची मुलगी तेव्हा पहिलीत होती. दिवसभर चिवचिव, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणायचे. झोपेतसुद्धा बडबड करायची. त्या रविवारी भावजींनी तिला माइकसमोर उभं केलं आणि म्हणाले, मोठा ‘आ’ कर बघू.

तिने केला. लांब, स्वच्छ ‘आ’.

मग बिस्किट देऊन तिला बाहेर पिटाळलं आणि ते त्या ‘आ’च्या मागे लागले. आवाज गोल फिरवताना शेवट आणि सुरुवात जिथे जुळते तिथे बारीकसा खटका ऐकू येतो. तो त्यांना सहन व्हायचा नाही. ताई स्वयंपाकघरात ऐकत होती.

आ... टक... आ... टक...

“अहो, पुरे आता, डोकं उठलं,” ती आतूनच म्हणाली. उत्तर नाही. ते नेहमीचंच होतं. तिने चहा टाकला, उकळला, गाळला. आवाज चालूच. मध्ये जरासुद्धा थांबत नव्हता. आता मात्र ती वैतागली आणि कप घेऊन मागच्या खोलीत गेली.

भावजी खुर्चीत होते. डोकं मशीनवर टेकलेलं. एक बोट पट्टीवर.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. चहा उकळायच्या आधीच गेले होते.

पण ‘आ’ चालूच होता...

ताईने ते बोट उचललं. आवाज थांबला. तिने वळून पाहिलं तर दारात चिमणी उभी होती, तोंड घट्ट मिटून.

त्या क्षणापासून चिमणी एक शब्द बोलली नाही.

सगळं करून झालं. घशाचे डॉक्टर, मनाचे डॉक्टर, शाळेतल्या बाई. घसा ठणठणीत आहे, धक्का बसलाय, बोलेल हळूहळू, असं सगळे म्हणाले. ताईची तेवढी एकच मागणी उरली होती. नवरा गेला तो गेला. पोरीने एकदा ‘आई’ म्हणावं. बाकी काही नको.

एक विचित्र गोष्ट होती. तो सॅम्पलर चिमणी कुणाला बंद करू देईना. बटणाजवळ हात गेला की चावायची. लहान मुलाचा हट्ट, बापाची आठवण, म्हणून ताईने सोडून दिलं. बंद खोलीत त्याचा तांबडा दिवा दिवसरात्र जळत राहिला.

काही महिन्यांनी ताईने मशीन विकायला काढली. तिचा धाकटा दीर त्याच धंद्यातला, एका स्टुडिओत वाजवतो. गिऱ्हाईकं तोच आणणार होता, म्हणून घराची एक किल्ली त्याच्याकडे देऊन ठेवली. आधी स्पीकर गेले. मग दोन सिंथेसायझर. मग एका दुपारी तो सॅम्पलर बघायला बसला. ताई शेजारी उभी राहून वायरी गुंडाळत होती.

त्याने सवयीने एक पट्टी दाबली.

स्पीकर नव्हतेच. वाजायला नको होतं.

पण आवाज आला...

मागून.

दारात चिमणी उभी होती. तोंड उघडं. आणि तिच्या तोंडातून तो ‘आ’ येत होता. लांब, स्वच्छ, त्या रविवारचा.

ताईच्या हातातल्या वायरी खाली पडल्या. पोरगी बोलली, एवढंच तिच्या डोक्यात आलं. ती रडत, हसत पुढे धावली. दिराचं बोट तिथेच राहिलं होतं, भीतीने म्हणा, आश्चर्याने म्हणा. ताईने चिमणीला जवळ घेतलं आणि तिला कळलं.

पोरीची छाती हलत नव्हती.

श्वास केव्हाच संपला होता. आवाज संपत नव्हता.

आ... टक... आ... टक...

चिमणीचे ओठ काळेनिळे पडायला लागले. ताई ओरडली नाही. तिने मागे झेपावून दिराच्या हातावर अशी चापट मारली की त्याचा हात भिंतीवर आपटला. आवाज तुटला. चिमणीने मोठा श्वास ओढला, बुडता बुडता वर आल्यासारखा.

दीर चहा न घेताच गेला. जाताना दारातून म्हणाला, “वहिनी, तो बंद मात्र करू नका. बंद केला तर तिचा आवाज कायमचा जाईल.”

ताईलाही तेच वाटत होतं. म्हणूनच तिने बंद केला नाही. तिने मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि त्याची किल्ली देवघराच्या कप्प्यात टाकली.

तुम्ही म्हणाल, ताईने तेव्हाच वायर का नाही उपटली? मीही म्हणालो होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुझ्या पोरीचा आवाज असता तर उपटली असतीस?

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बाहेरच्या खोलीत चिमणी गायला लागली.

ताईने ती चाल ओळखली.

भावजींची होती. अर्धवट राहिलेली. एका ठिकाणी ते नेहमी अडायचे, चुकचुकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचे. लग्नापासून ताई ती ऐकत आली होती. चिमणी शब्दांशिवाय तीच चाल गात होती, नुसत्या ‘आ’वर.

आणि त्याच ठिकाणी अडली...

पुन्हा पहिल्यापासून...

ताई बाहेर आली. चिमणी खिडकीशी उभी होती. दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरलेला, डोळ्यांतून पाणी. आणि मागच्या खोलीतून, कुलपाच्या आतून, बारीक आवाज येत होता.

खट... खट... खट...

पट्ट्यांचा.

ताईने कुलूप कसं उघडलं, तिला आठवत नाही. आत खुर्ची मागे ओढलेली होती, कुणी बसलं की ओढलेली असते तेवढी. खुर्चीत कुणी नव्हतं. पट्ट्या खाली जात होत्या, वर येत होत्या.

ती उंबऱ्यातूनच बोलली. आयुष्यभर ज्या सुरात बोलली त्याच सुरात.

“अहो, सोडा तिला. लेक आहे ती तुमची, बाजा नव्हे.”

पट्ट्या थांबल्या.

ताईला वाटलं, ऐकलं. मग एक पट्टी हळूहळू खाली गेली... आणि खालीच राहिली.

बाहेर चिमणी ओरडल्यासारखी वाजत होती. ताईने पट्टीखाली नखं घालून ती वर ओढली. येईना. पट्टीवर बोट होतं. दिसत नव्हतं, पण वजन होतं, चांगलं जाडजूड वजन. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे पट्टी सुटली. ताईचं एक नख उलटलं होतं.

तिचा हात बटणाकडे गेला. मागून चिमणीने तिचा पदर धरला आणि मान हलवली. नको.

संध्याकाळी ताईने दिराला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाली, आता मी बंद करणार. तो म्हणाला, एक दिवस थांबा. उद्या आधी तिला डॉक्टरांना दाखवून या, मग काय ते ठरवा. ताईला ते पटलं. बिचारी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिमणीला उंच स्टुलावर बसवलं, बॅटरी लावली आणि म्हणाले, “आ कर, बाळ.”

चिमणीने तोंड उघडलं...

“आ.”

डॉक्टर खूश. वा, आहे की आवाज! मग चिमणीने जरा वरच्या सुरात ‘आ’ केला. मग आणखी वरच्या. मग आणखी. जिना चढल्यासारखा, एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर सारखाच वेळ. डॉक्टर हसून म्हणाले, गायिका होणार ही. ताई चिमणीच्या डोळ्यांकडे बघत होती. ते डोळे ताईला काय सांगत होते, ते तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

इतक्या लांबही भावजींचा हात पोचतो, एवढंच ताईला वाटलं.

ती रिक्षाने तडक घरी आली. मागच्या खोलीत गेली आणि प्लगपाशी खाली बसली. चिमणीला समोर घेतलं. सहा-सात वर्षांच्या पोरीला काय विचारायचं असतं? पण तिने विचारलं.

“हे बंद केलं तर तुझा आवाज कदाचित कधीच परत येणार नाही. नाही केलं तर बाबा तुला असंच वाजवत राहतील. काय करू?”

चिमणीने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. पोट भरल्यावर ताटासमोर हलवायची तशी मान हलवली. बस झालं. मग तिनेच आपला हात ताईच्या हातावर ठेवला आणि दोघींनी प्लग ओढला.

तांबडा दिवा गेला.

ताई कितीतरी वेळ थांबली. चिमणी आता काही म्हणेल, आता म्हणेल... चिमणीने तोंड उघडलं, मिटलं. काही नाही. ताईने तिला पोटाशी धरलं आणि त्या दिवशी ती नवऱ्याच्या मरणाला रडली नव्हती तितकी रडली.

बरीच वर्षं झाली. चिमणी मोठी झाली, एका छापखान्यात कामाला लागली. तिथे मशीनच्या खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे हातांनीच बोलतात. त्यामुळे तिचं काही अडत नाही. हसते, भांडते, हातवारे करून माझी टिंगलही करते. घरातली मशीन सगळी गेली. सॅम्पलर ताईने भंगारात दिला, तोही समोर उभं राहून हातोड्याने फोडून घेऊन.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

मागच्या महिन्यात मी ताईकडे गेलो होतो. दुपारची वेळ. चिमणी माझ्यासमोर बसून मटार सोलत होती. अचानक तिचे हात थांबले.

तोंड उघडलं...

“आ.”

तिचा आवाज नव्हता तो. म्हणजे तिचाच होता, पण पहिलीतल्या चिमणीचा. एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडातून तो लहान मुलीचा आवाज. मग वरचा सूर. मग खालचा. धड चाल नाही, काही नाही. कुणीतरी नुसतं चाचपडत होतं. नवीन मशीन हातात आल्यावर चाचपडतात तसं.

मटारचं भांडं उलटलं. मी नुसता बघत राहिलो. ताईने माझ्या देखत दिराला फोन लावला आणि एवढंच विचारलं, “तुम्ही काय केलंत?”

त्या दिवशी चिमणी डॉक्टरकडे होती तेव्हा तो किल्लीने घर उघडून आत आला होता. मागच्या खोलीचं कुलूप आदल्या दिवसापासून उघडंच होतं. सॅम्पलरला वायर लावून त्याने एकेक पट्टी दाबत तो आवाज आपल्या मशीनमध्ये उतरवून घेतला होता. फोनवर तो रडत होता. म्हणाला, दादाने धरलेला शेवटचा आवाज होता, वहिनी, कसा जाऊ देणार? मी कधी वाजवला नाही. नुसता ठेवला होता.

आणि आता?

आता त्याने ते मशीन विकलं होतं. आतलं पुसायला विसरला. कुणाला विकलं, तेही धड माहीत नाही. घेणारा म्हणाला होता, चांगले आवाज सापडले की मी चार मित्रांना वाटतो.

ताई आता नोकरीवरून लवकर घरी येते. चिमणीच्या आसपासच असते. कधी दिवसचे दिवस काही होत नाही. कधी भर रस्त्यात होतं. परवा सूर खूप वेळ चालला. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि मोजण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ते खटके मोजत होतो...

टक... टक... टक...

मग कुणीतरी, कुठेतरी, बोट उचललं.

तुमच्यापैकी कुणी वाजवत असेल, जुनं मशीन घेतलं असेल, कुणी मित्राने आवाज दिले असतील, आणि त्यात एका लहान मुलीचा ‘आ’ असेल, तर पुसून टाका. आणि हात शिवशिवलाच, एकदा दाबून बघावंसं वाटलंच, तर पट्टी धरून ठेवू नका.

तिला श्वास घ्यायचा असतो.